पंचवीस रुपये दंड

दिवाळी आली की आमच्या घरात दोन चोऱ्या होत. एक चकल्यांची आणि दुसरी दिवाळी अंकांची. चकल्या मुले चोरीत आणि मार खात. अंक मात्र वडीलधारी माणसे चोरीत, आणि त्याचा घरात ब्र निघत नसे.

१९६२ ची दिवाळी मला चांगली आठवते. माझे वय अकरा. ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळी होती आणि वीस तारखेलाच चीनने सरहद्दीवर हल्ला चढवला होता. आमचे वडील, म्हणजे नाना, संध्याकाळी रेडिओला कान लावून बसत. फटाके आणायचे नाहीत असा हुकूम सुटला होता. चकल्या झाल्या, पण लाडवांत बेदाणे नव्हते. एवढे सगळे बंद झाले तरी सर्क्युलेटिंग लायब्ररीवाले गृहस्थ मात्र सायकलला पिशवी अडकवून नेमाने येत राहिले. त्यांच्या पिशवीतून दिवाळी अंक निघत. नाना ते ओटीवर पसरून त्यांची वाटणी करीत : हा आईसाठी, हा मुलांसाठी, हा सर्वांसाठी. शेवटी एखादा अंक उरे. तो कोणासाठी आहे हे नाना बोलत नसत. त्याला तपकिरी कागदाचे कव्हर चढे, आणि तो कपाटाच्या वरच्या फळीवर विम्याच्या कागदांमागे अंतर्धान पावे.

आमच्या घरी नानांची थोरली बहीण असे. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली ती कायमची. तेव्हा पंचेचाळिशी उलटलेली असावी. दुपारी नाना कचेरीत, आई झोपलेली, आणि मी परीक्षा संपल्यामुळे मोकळा. आत्याने मला हाक मारली. म्हणाली, "स्टूल धर रे जरा." मी स्टूल धरले. ती चढली, विम्याच्या कागदांमागे हात घातला आणि तपकिरी कव्हराचा अंक काढून माजघरात खांबाला टेकून वाचत बसली. चार वाजेपर्यंत वाचत होती. मी विचारले, "आत्या, काय आहे गं त्यात?"

"काही नाही रे," ती म्हणाली, "माणसं आहेत."

रात्री पानावर नानांनी विषय काढला. कव्हराची घडी बदललेली त्यांच्या लक्षात आली होती. "माझ्या कपाटाला कोणी हात लावला?" आत्या भात वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी लावला. पण तुला कसं कळलं? तूही उघडलंस म्हणूनच ना?" आईने पदर तोंडाला लावला. नाना ताकभातावर आले आणि हात धुवायला उठले.

तो अंक कोणता होता हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण पुढे, पुष्कळ वर्षांनी, एक निकालपत्र वाचताना मला तो खांब आणि ती दुपार आठवली. कारण त्याच दिवाळीत निघालेल्या एका मासिकाच्या अंकाने पुढची सात वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. मासिकाचे नाव 'रंभा'. कथेचे नाव 'श्यामा'. लेखक चंद्रकांत काकोडकर.

काकोडकर हे नाव आजच्या मुलांना ठाऊक नसेल. त्या काळी लायब्ररीतली त्यांची पुस्तके कधी फळीवर दिसत नसत, कारण ती कोणा ना कोणाच्या उशाखाली असत. समीक्षकांनी त्यांना जवळ केले नाही आणि वाचकांनी दूर लोटले नाही. 'श्यामा' ही एका कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची कथा. एका गृहस्थांनी तो दिवाळी अंक वाचला. पूर्ण वाचला असावा, कारण त्यांच्या तक्रारीत त्याच अंकातली दुसरी एक कथा आणि काही व्यंगचित्रेही होती. हा मजकूर वाचून सर्वसाधारण वाचकांची आणि विशेषतः तरुणांची मने बिघडतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे स्वतःचे मन बिघडले असे ते म्हणाले नाहीत. या जातीच्या तक्रारीत तसे कोणीच म्हणत नाही. बिघडणारे मन नेहमी शेजाऱ्याचे असते.

मॅजिस्ट्रेटने आरोपींना सोडून दिले. तक्रारदार आणि सरकार वर गेले. मुंबई उच्च न्यायालयाने बाकीचा मजकूर बाजूला ठेवून 'श्यामा' तेवढी अश्लील ठरवली आणि लेखकाला व मुद्रक-प्रकाशकाला शिक्षा फर्मावली : प्रत्येकी पंचवीस रुपये दंड, न भरल्यास आठवडाभर साधी कैद. शिवाय त्यांच्या ताब्यातल्या अंकाच्या प्रती नष्ट कराव्यात. पंचवीस रुपये ही रक्कम तेव्हाही फार मोठी नव्हती. भरून मोकळे व्हावे आणि नवी कादंबरी लिहायला बसावे, असा सल्ला कोणीही शहाण्या माणसाने दिला असता. काकोडकर दिल्लीला गेले. पंचवीस रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालय! पण ते पंचवीस रुपयांसाठी नव्हते, हे तुम्हा-आम्हाला कळते.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्तींनी कथा सबंध वाचली आणि जे म्हटले त्याचा मथितार्थ असा, की ही कथा वाङ्मय म्हणून फार उच्च प्रतीची नसेल, अपरिपक्व असेल, अभिरुचीला न पटणारीही असेल, पण जिच्या-ज्याच्या हाती पडेल त्याला ती भ्रष्ट करील असे तिच्यात काही नाही. आणि आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. कोवळ्या मुलांच्या हाती पडेल म्हणून लेखकाने स्त्री-पुरुष संबंधांचा उल्लेखच करायचा नाही असे ठरवले, तर साऱ्या लेखकांना फक्त मुलांसाठीच लिहावे लागेल. मग प्रौढ माणसांनी वाचायचे काय?

मला हा निकाल आवडतो तो 'श्यामा'च्या गुणांसाठी नव्हे. थोर कलाकृतीचा कैवार घ्यायला फारसे धैर्य लागत नाही. तिच्या बाजूने प्राध्यापक येतात, पत्रके निघतात, परदेशातून तारा येतात. मध्यम प्रतीच्या लेखकाच्या पाठीशी कोण उभे राहणार? न्यायालयाने त्याला सांगितले, बाबा रे, तुझे लिखाण बेताचे आहे, पण बेताचे लिहिणे हा या देशात गुन्हा नाही. हे वाक्य माझ्यासारख्या स्तंभलेखकांच्या फार उपयोगाचे आहे.

आता हा सगळा खटला ज्या कायद्यावर उभा होता त्याची मौज पाहा. भारतीय दंडविधानाच्या २९२ कलमात अश्लील पुस्तक विकू नये, छापू नये, विक्रीसाठी जवळ बाळगू नये असे लिहिले होते. मात्र अश्लील म्हणजे काय हे १९६९ पर्यंत त्या कलमात लिहिलेलेच नव्हते. व्याख्या उसनी आणली होती, आणि तीही १८६८ सालातली, विलायतेतली. त्या खटल्याला हिक्लिनचा खटला म्हणतात. हा हिक्लिन लेखक नव्हे, प्रकाशकही नव्हे. खालच्या पायरीवर त्या प्रकरणात बसलेला तो एक न्यायाधिकारी. ज्याची पुस्तिका जप्त झाली तो हेन्री स्कॉट नावाचा धातूचा दलाल. आणि पुस्तिका काय होती म्हणाल, तर कॅथलिक धर्मगुरू पापनिवेदनाच्या वेळी बायकांना कसले प्रश्न विचारतात यावर टीका करणारी. म्हणजे आमच्या देशात शंभर वर्षे कवी, चित्रकार, नाटककार ज्या तागडीत तोलले गेले, ती तागडी मुळात एका धर्मकलहातल्या चोपड्यासाठी घडवली होती. त्यावेळचे सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी सांगितली : ज्यांचे मन अशा प्रभावाला बळी पडू शकेल आणि ज्यांच्या हाती हे पुस्तक पडू शकेल, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्यात आहे का? म्हणजे घरातला सर्वांत कच्च्या मनाचा मनुष्य शोधायचा आणि त्याच्या पचनशक्तीवर सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. आजारी माणसाला मुगाची खिचडी द्यावी हे बरोबरच. पण साऱ्या आळीला?

इंग्रजांनी पुढे १९५९ साली आपला कायदा बदलला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या लॉरेन्सच्या कादंबरीवरून पेंग्विन कंपनीवर खटला झाला. तेव्हा सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले, की हे पुस्तक आपल्या बायकोने किंवा नोकराने वाचलेले तुम्हाला चालेल का? ज्यूरीत बायकाही बसल्या होत्या. पेंग्विन सुटली. हा प्रश्न मी प्रथम वाचला तेव्हा मला आमचे नाना आठवले, ओटीवर अंकांची वाटणी करणारे. वकीलसाहेब आणि नाना दोघेही सज्जन. दोघांनीही पुस्तक स्वतः वाचले होते आणि दोघांचाही स्वतःवर पूर्ण विश्वास होता. विश्वास नव्हता तो घरातल्या बायकांवर.

तेच पुस्तक मुंबईत मात्र सुटले नाही. १२ डिसेंबर १९५९ रोजी पोलिसांनी पाठवलेल्या एका बनावट गिऱ्हाइकाने 'हॅपी बुक स्टॉल' या दुकानातून त्याची प्रत विकत घेतली. दुकानाच्या भागीदारांवर खटला झाला. मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. तरी मॅजिस्ट्रेटने प्रत्येकी वीस रुपये दंड केला. त्यांपैकी रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली हरले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की हिक्लिनची कसोटी टाकून देण्याचे कारण नाही. कलेचा अंश इतका वरचढ असला पाहिजे की अश्लीलता तिच्या सावलीत दिसेनाशी व्हावी. ही कसोटी ऐकायला सुरेख आहे. पण पुस्तके विकणाऱ्या माणसाने सावलीची लांबी-रुंदी कशाने मोजावी? त्याच्यापाशी फक्त टेप आहे, आणि तोही वह्यांना कव्हर घालायचा.

दंडाचे हे भाव एकत्र मांडून पाहण्यासारखे आहेत. दुकानदाराला वीस, काकोडकरांना पंचवीस. त्या मानाने रघुनाथराव कर्वे फार महागात पडले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रसंग आल्यावर त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक तोट्यात चालवले. १९३१ च्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे दिली, एवढाच गुन्हा. लोकांना जे विचारायचे आहे ते विचारू द्यायचे नाही, आणि विचारले तर उत्तर द्यायचे नाही, मग अज्ञान जायचे कसे, असा तो झगडा होता. बाबासाहेबांसारखा वकील असूनही कर्वे हरले, आणि दोनशे रुपये भरून पुढच्या अंकाच्या तयारीला लागले. गणिताच्या माणसाला दंड हा मासिकाच्या खर्चातला एक आकडा वाटला असावा.

मर्ढेकरांवरही खटला झाला होता, 'काही कविता' या संग्रहासाठी. ते सुटले. आज तोच कवी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे आणि मुले परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला शिव्या देतात. 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगभूमीवर आला तेव्हा परीक्षण मंडळाने इतक्या ठिकाणी कात्री लावली की नाटकाऐवजी पात्रांची ये-जा तेवढी उरली असती. कमलाकर सारंग न्यायालयात भांडले, आणि नाटक परत आले. त्या नाटकाला आमच्या शेजारचे एक निवृत्त हेडमास्तर दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा निषेध नोंदवण्यासाठी. दुसऱ्यांदा कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

चित्रांचे दुखणे आणखी वेगळे, कारण चित्र सबंध वाचावे लागत नाही. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी या तरुण चित्रकाराचे प्रदर्शन होते. त्यातल्या 'लव्हर्स' या चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर आहे. पोलीस आले, म्हणाले चित्रे उतरवा. पदमसींनी नकार दिला आणि अटक करून घेतली. उमा-महेश्वराच्या आपल्याकडच्या कित्येक मूर्तींत हीच ठेवण आहे. कायद्यातही देवळातल्या शिल्पांना आणि देवाच्या रथावरच्या कोरीवकामाला पूर्वीपासून सूट. म्हणजे दगडावर जे चालते ते कॅनव्हासवर चालेना. पदमसी न्यायालयात सुटले. सत्तर वर्षांनी, २०२४ च्या जुलैमध्ये, मुंबईच्या कस्टम खात्याने परदेशातून आलेल्या सात कलाकृती अश्लील म्हणून जप्त केल्या. त्यांत काही मूळच्या गोव्याच्या सोझांच्या होत्या आणि काही, योगायोग पाहा, पदमसींच्या. तोवर सोझा जाऊन बावीस वर्षे झाली होती आणि पदमसी जाऊन चार. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे पुन्हा एकदा समजावून सांगितले. पुन्हा एकदा! खात्यातली माणसे बदलतात, कात्री मात्र वारसाहक्काने चालत येते.

मधल्या काळात कायदाही हलला, हे सांगितले पाहिजे. १९६९ साली, ज्या वर्षी काकोडकर सुटले त्याच वर्षी, कलम २९२ बदलले. शास्त्र, वाङ्मय, कला, विद्या यांच्या दृष्टीने लोकहिताचे असेल तर गुन्हा नाही अशी तरतूद आली. त्याचबरोबर शिक्षाही वाढली : पूर्वी जास्तीत जास्त तीन महिने होते ते पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षे झाले. हिक्लिनबाबाला सर्वोच्च न्यायालयाने निरोप दिला तो थेट २०१४ मध्ये, एका टेनिसपटूच्या छायाचित्राच्या प्रकरणात, आणि त्याच्या जागी समाजाची आजची सर्वसाधारण कसोटी लावायची असे ठरले. १ जुलै २०२४ पासून दंडविधानच गेले. भारतीय न्याय संहितेत आता हे कलम २९४ झाले आहे. दंडाचा आकडा वाढला, भाषा बहुतेक जुनीच.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मग काय सगळेच मोकळे सोडायचे? तसे मी म्हणत नाही. मुलांना ओढून केलेली चित्रे, एखाद्या बाईला न विचारता तिची काढलेली आणि गावभर फिरवलेली छायाचित्रे, यांना मी कला म्हणणार नाही आणि त्यांच्यासाठी न्यायालयाची पायरीही चढणार नाही. तिथे कोणाची तरी खरीखुरी दुखापत झालेली असते, तिला नाव असते, ती रडत असते. माझा झगडा आहे तो जिथे दुखापत झालेला मनुष्य कधी साक्षीला येतच नाही त्या खटल्यांशी. 'श्यामा' वाचून बिघडलेला एक तरुण तरी कठड्यात उभा राहिला असता तर मी त्याला हार घातला असता.

इथवर लिहून मी थांबणार होतो. न्यायाधीश, पोलीस, कस्टमवाले यांची थट्टा करणे सोपे असते. पण दिवाळी अंकात लिहायचे तर दिवाळी अंकातले एक कर्मही सांगितले पाहिजे, आणि ते माझे स्वतःचे आहे.

१९७९ साली मी एका दिवाळी अंकाच्या संपादनाला मदत करीत असे. अंकाचे नाव सांगत नाही, तो कधीच बंद पडला. टपालाने एका बाईंची कथा आली. हस्ताक्षर शिक्षिकेचे असावे तसे, कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून. कथा साधी होती. चाळिशीतल्या एका गृहिणीचा स्तन कर्करोगामुळे काढून टाकला आहे. इस्पितळातून ती घरी येते. सासू बोलत नाही, मुले घाबरून लांब बसतात, नवरा फार चांगला वागतो आणि म्हणूनच तिच्याकडे पाहत नाही. शेवटी एका रात्री ती दिवा लावते, पोलक्याची बटणे काढते आणि त्याला म्हणते, बघा. पुढच्या परिच्छेदात तो बघतो. व्रण कसा आहे, त्याचा हात कसा येतो, थांबतो, पुन्हा येतो, तिला तिथे काय जाणवते आणि काय जाणवत नाही, असा दहा-बारा ओळींचा मजकूर. तेवढ्यासाठीच ती कथा लिहिली होती.

मी ती एका दमात वाचली आणि घेतली. फर्मा छापायला जायच्या आदल्या दिवशी मालकांनी गॅलीवर बोट ठेवले. म्हणाले, "हा अंक घरोघर जातो. दोनशे ब्याण्णव माहीत आहे ना? आता दोन वर्षं आहेत." मी वाद घातला असता तर त्यांनी कदाचित ऐकले असते. ते काही दुष्ट नव्हते. पण मलाही त्या शब्दाचा संकोच वाटला होता, आणि आमच्या घरी तो अंक जाणार, आई वाचणार, हेही मनात आले. मी लाल पेन घेतले आणि तो परिच्छेद काढला. 'बघा' एवढ्यावर कथा संपवली. कंपोझिटर म्हातारा होता. त्याने खिळे सोडवले, ओळी वर घेतल्या, आणि मोकळ्या जागेत पणतीचे चित्र बसवले. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी समन्स आणले नव्हते, एक रुपयाही दंड झाला नव्हता.

दिवाळीनंतर त्या बाई कार्यालयात आल्या. अंक त्यांच्या पिशवीत होता. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. विचारलं, "तुम्हाला ते घाण वाटलं का?"

मी म्हटलं, "नाही हो. पण कायदा..."

"मग कायद्याला वाचायला द्यायचं होतं ना," त्या म्हणाल्या. मानधनाचे पंचवीस रुपये टेबलावर ठेवून निघून गेल्या. होय, पंचवीसच. आमचा तो दर होता. त्यानंतर त्यांची कथा आमच्याकडे आली नाही, आणि इतरत्र कुठे त्यांचे नाव छापलेले माझ्या पाहण्यात नाही.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचताना मला त्या आठवल्या. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत छापली होती. तिच्यावरचा खटला एकवीस वर्षे रेंगाळला होता. छापणाऱ्यांनी माफी मागितली होती म्हणून त्यांना सोडले, आणि कवीने मात्र खटल्याला तोंड द्यावे असे ठरले. छापणाऱ्यांना मी दोष देत नाही. कोणत्या तोंडाने देणार?

२००३ साली माझ्या पत्नीवर तीच शस्त्रक्रिया झाली. इस्पितळातून घरी आल्यावर ती पंधरा दिवस फारशी बोलली नाही. मीही फार चांगला वागत होतो. वेळेवर औषधे, मोसंब्याचा रस, उशा नीट करणे, आणि मान खाली. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, तुमच्या त्या अंकात एक गोष्ट होती ना, असंच काहीसं झालेल्या बाईची? शोधा ना जरा."

मी माळ्यावर चढलो. स्टूल धरायला कोणी नव्हते. अंक सापडला. पाने पिवळी पडली होती, पणतीचे चित्र स्वच्छ होते. ती चष्मा लावून वाचू लागली आणि मी खिडकीपाशी उभा राहिलो. फार वेळ लागला नाही. तिने पान उलटले, पलीकडे तेलाची जाहिरात होती. पुन्हा मागे आली.

"संपली?" तिने विचारले. "पुढे काय झालं? त्यानं बघितलं का?"

हस्तलिखित केव्हाच रद्दीत गेले होते. पण ज्या ओळी मी स्वतः काढल्या होत्या त्या मला चोवीस वर्षांनी जवळजवळ तशाच्या तशा पाठ होत्या. मी तिच्याजवळ पलंगावर बसलो आणि सांगू लागलो.